मागच्या बाकावरच्या बाई
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय माझ्या घरचाच आहे: शिक्षिकेचे स्वतःचे शिक्षण.

शिक्षिका पदविका घेऊन बाहेर पडली की तिचे शिकणे संपले, असा आपला समज असतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र शिक्षकांनी दरवर्षी किमान 50 तास स्वतःच्या शिक्षणास द्यावेत, असे म्हटले आहे. ठीकच आहे, पण ते तास जातात कसे, यावर सारे अवलंबून!

मीही पुष्कळ प्रशिक्षणवर्ग केले. व्याख्याने ऐकली, वह्या भरल्या, आणि परत येऊन होते तसेच शिकवू लागले. व्याख्याते बोलले ते खरे होते. पण माझी मुले त्यांनी पाहिली नव्हती.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. 42 मधून 17 वजा कर म्हटले की ती 35 लिही. मी लाल फुली मारी. हिला गणित येत नाही, असे आणखी दोनदा मी म्हटले असते, तर तिला घरी बसविण्यास घरच्यांना तेवढे निमित्त पुरे होते.

एके दिवशी शेजारच्या वर्गाच्या बाई माझ्या तासाला मागच्या बाकावर बसल्या. नंतर म्हणाल्या, “अहो, ती अंदाजाने लिहीत नाही. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून 7 मधून 2 काढते.” मी वरमले. त्या संध्याकाळी आम्ही खराट्याच्या काड्यांच्या दहादहाच्या जुड्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी मी चारांतली एक जुडी सोडून दाखविली. तरी मुलगी गप्पच! बाई म्हणाल्या, “जुडी तुम्ही सोडलीत. तिला सोडू द्या.” तिने सोडली. 3 जुड्या आणि 12 सुट्या काड्या झाल्या. त्यांतून 17 काढल्या, 25 उरल्या. फुलीमागचे कारण तिला नव्हे, मला त्या दिवशी कळले.

जपानात शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो शिकवितो, बाकीचे मुलांकडे पाहतात, आणि मग चर्चा करून पाठ सुधारतात. आपल्याकडे बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी काम आरंभले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. दोन्हीकडे मूळ एकच: आधी मुलाला पाहावे, मग स्वतःला सुधारावे, आणि हे एकटीने नव्हे, एकमेकींच्या सोबतीने करावे.

म्हणून एक विनंती. जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या संमतीने महिन्यातून एक तास आपल्यापैकी कुणी मुलांना गोष्टी सांगाव्यात. तेवढ्या वेळात एक शिक्षिका दुसरीच्या वर्गात मागे बसू शकेल. खर्च काही नाही. एखादी मुलगी मात्र शाळेत टिकेल.