बोस्टनचा बर्फ

अमेरिकेचा इतिहास म्हटला म्हणजे वॉशिंग्टन, लिंकन, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि यादवी युद्ध एवढ्या गोष्टी आपल्याला चटकन आठवतात. परंतु राष्ट्राच्या जीवनात रणांगणाइतकीच बाजारपेठही बोलकी असते. तिथल्या काही कथा तर अशा, की एखाद्या कादंबरीकाराने त्या रचल्या असत्या, तर टीकाकारांनी त्याला अतिशयोक्तीबद्दल धारेवर धरले असते. आज सांगावयाची हकीकत त्याच जातीची आहे. ती आहे बर्फाच्या व्यापाराची, आणि तिचा शेवट आपल्याच देशात होतो.

बोस्टन हे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील बंदर. हिवाळ्यात त्या भागातली तळी गोठतात. श्रीमंत लोक तो बर्फ कापून कोठारात साठवीत आणि उन्हाळ्यात आपल्यापुरता वापरीत. परक्या देशी नेऊन विकण्याजोगा माल म्हणून त्याकडे कोणी पाहिले नव्हते. फ्रेडरिक ट्यूडर याने पाहिले. १७८३ साली एका सुखवस्तू वकिलाच्या घरी त्याचा जन्म झाला. भाऊ हार्वर्डला शिकले. याने तेराव्या वर्षीच शाळेला रामराम ठोकला आणि व्यापाराची वाट धरली. जिथे बर्फ पडत नाही अशा उष्ण देशांत बर्फ नेऊन विकायचा, हे वेड त्याच्या डोक्यात शिरले ते कायमचे.

१८०६ साली वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटाकडे त्याने पहिले जहाज रवाना केले. असला माल वाहून नेण्यास कोणी जहाजमालक तयार होईना. बर्फ वितळला तर गलबतच बुडेल अशी भीती! अखेर ट्यूडरने स्वतःच एक जहाज विकत घेतले आणि त्यात सुमारे १३० टन बर्फ भरला. बोस्टनकरांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. बर्फ बेटावर सुखरूप पोहोचला. पण तो ठेवायला तिथे कोठार नव्हते, आणि त्याचे करायचे काय हे गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हते. ट्यूडरला काही हजार डॉलरांची खोट आली. पुढे कर्जापायी त्याला तुरुंगाची हवाही खावी लागली.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. ट्यूडरने आपल्या अपयशातून दोन धडे घेतले. पहिला धडा असा की बर्फाआधी बर्फाची चटक विकली पाहिजे. पेये विकणाऱ्या दुकानदारांना तो सुरुवातीला बर्फ फुकट देई. थंडगार पेयाची गोडी एकदा लागली की गिऱ्हाईक कोमट पेयाकडे वळून पाहत नाही, हे त्याने हेरले होते. दुसरा धडा साठवणीचा. अनेक पदार्थ वापरून पाहिल्यावर त्याने लाकडाचा भुसा पसंत केला. शेजारच्या मेन प्रांतातील लाकूड गिरण्यांना हा भुसा म्हणजे केवळ अडगळ होती. भुसा थंडावा निर्माण करीत नाही. तो बाहेरची उष्णता आत शिरू देत नाही. नॅथॅनिएल वायेथ या त्याच्या सहकाऱ्याने घोड्यांनी ओढावयाचा बर्फाचा नांगर तयार केला. त्यामुळे एकसारख्या चौकोनी लाद्या निघू लागल्या. त्या एकमेकींना भिडवून रचता येत, मध्ये हवा खेळत नसे, आणि म्हणून बर्फ टिके.

आता भारताकडे वळू. बोस्टनची जहाजे कलकत्त्याहून माल भरून नेत. परंतु इकडे येताना त्यांच्यापाशी पुरेसा माल नसे, म्हणून तोल सांभाळण्यासाठी निरुपयोगी ओझे भरावे लागे. त्या ओझ्याऐवजी बर्फ का नेऊ नये? १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांचा प्रवास, त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडावयाचे! सप्टेंबरात ते कलकत्त्याला लागले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता.

त्यापूर्वी कलकत्त्यात बर्फ मुळीच नव्हता असे नाही. हिवाळ्याच्या रात्री हुगळीच्या बाजूला उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवीत आणि पहाटे त्यावरची पातळ साय गोळा करीत. पण ती गढूळ आणि अल्पजीवी असे. बोस्टनची लादी काचेसारखी स्वच्छ! सरकारने या मालाचा जकातकर माफ केला आणि तो रात्रीच्या गारव्यात उतरविण्याची मुभा दिली. गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक यांनी बर्फ आणणाऱ्या प्रतिनिधीला चषक देऊन त्याचा गौरव केला. वर्गणी जमवून बर्फघर बांधण्यात आले.

पुढल्याच वर्षी हा बर्फ मुंबईस आला. जमशेटजी जिजीभाईंनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले, आणि यजमानासह पाहुण्यांनाही पडसे झाले, असे त्या वेळी वर्तमानपत्रात छापून आल्याचे सांगतात. हा बर्फ गोरे साहेब आणि धनिक यांच्या वाट्याला आला, सामान्य माणसाच्या नव्हे, हेही विसरता कामा नये.

ट्यूडरला मात्र या बर्फाने तारले. कॉफीच्या सट्ट्यात त्याने दोन लाखांहून अधिक डॉलर गमावले होते. ते कर्ज पुढील चौदा-पंधरा वर्षांत बर्फाच्या नफ्यातून फिटले, आणि त्यात कलकत्त्याचा वाटा मोठा होता. १८५६ साली बोस्टनहून सुमारे १,४६,००० टन बर्फ परगावी गेला. ज्याला लोक हसले होते तो ‘बर्फाचा राजा’ म्हणून १८६४ साली वारला. पण त्याने लावलेली चटकच अखेर त्याच्या धंद्याच्या मुळावर आली. मागणी वाढली, तेव्हा जागच्या जागी बर्फ करणारी यंत्रे आली आणि एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी बोस्टनची जहाजे दिसेनाशी झाली.

बर्फाचे भग्नावशेष उरत नाहीत. म्हणूनच ही कथा इतकी विस्मरणात गेली असावी. तथापि दोन खुणा राहिल्या आहेत. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्याकाठी राहणाऱ्या थोरोने आयरिश मजुरांना बर्फ कापताना पाहिले. तो सकाळी भगवद्गीता वाचीत असे. आपल्या तळ्याचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळते आहे, अशी कल्पना त्याने केली. गंमत अशी की त्या वर्षी रचलेला बर्फ बहुतांशी विकलाच गेला नाही. वितळून पुन्हा त्याच तळ्यात परतला. गीता मात्र वॉल्डनला पोहोचली होती, आणि तिथे राहिली.

दुसरी खूण मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर आहे. १८४२ साली तिथे बोस्टनच्या बर्फासाठी एक इमारत उभी राहिली. धंदा बुडाल्यावर ती एका वकिलाने विकत घेतली. १८९७ च्या फेब्रुवारीत पश्चिमेचा प्रवास आटोपून परतलेले स्वामी विवेकानंद त्याच घरात उतरले होते. आज तिथे त्यांचे स्मारक आहे. पण आसपासच्या वस्तीला लोक अजूनही ‘आइस हाऊस’ म्हणतात.