जुना संच, नवा संच आणि विद्युतदाब



विजेवर चालणारी दुचाकी आता आपल्या जिल्ह्यात नवलाईची राहिलेली नाही. धाराशिव, तुळजापूर, उमरगा येथील रस्त्यांवर ती दिसते. तिच्या नवेपणीच्या गुणांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. मला बोलावयाचे आहे ते तिच्या बॅटरीच्या उतारवयाविषयी. मी कलाशाखेचा पदवीधर. विजेशी माझी ओळख वीजबिलापुरती. परंतु स्वतःच्या गाडीमुळे हा विषय शिकणे भाग पडले.

माझ्या गाडीत लिथियम बॅटरीचे दोन संच आहेत. एक संपला की कळ फिरवून दुसरा सुरू करावयाचा. त्यांपैकी एक चार वर्षांचा, दुसरा गेल्या वर्षी बदललेला. रात्रभर चार्ज केल्यावर सकाळी दोहोंचा विद्युतदाब सारखाच, ५४ व्होल्ट भरे. बालाघाटाच्या चढावर मात्र जुना संच पाहता पाहता ४६ पर्यंत उतरे आणि सपाटीला लागताच पुन्हा ५० वर येई. नवा त्याच चढावर ५१ च्या खाली जात नसे. उभ्या गाडीवरचा आकडा वय सांगत नाही. वय कळते ते ओझे पडल्यावर.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. अशा संचात १३ घट एकसर जोडलेले असतात. पूर्ण भरलेल्या प्रत्येक घटाचा दाब ४.२ व्होल्ट. वय वाढते तसा घटाचा अंतर्गत रोध वाढतो, धारणाशक्ती घटते, आणि दाबाचा काही भाग आतल्या आतच उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो. आपल्याकडील चैत्र-वैशाखाचे ऊन आणि भरलेला संच तसाच उन्हात उभा ठेवण्याची सवय, या दोहोंनी हे वार्धक्य लवकर येते. शिवाय सगळे घट सारखे म्हातारे होत नाहीत. सर्वांत दुबळा घट तळाला गेला की नियंत्रक मंडल संपूर्ण संच बंद करते, इतरांत वीज शिल्लक असली तरी.

एका ओळखीच्या कारागिराने सुचविले, “साहेब, कळीची कटकट कशाला? दोन्ही संच एकत्र जोडून देतो, पल्ला वाढेल.” मी जवळजवळ होकार दिला होता. त्या संध्याकाळी विज्ञान शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनी कागदावर ओहमचा नियम मांडला. वापरून आलेला संच ४७ व्होल्टचा, भरलेला ५४ चा, फरक ७. संच व तारा मिळून रोध सुमारे ०.२ ओहम धरावा. ७ भागिले ०.२, म्हणजे ३५ अँपिअर! माझा चार्जर देतो ५. म्हणजे जोडणी होताच भरलेला संच दुसऱ्यात सातपट प्रवाह ओतणार, आणि तोही गाडी बंद असताना. तारा वितळतील, नियंत्रक जळेल, आणि घट तापून पेटला तर ती आग सहजी विझत नाही.

दाब समान करून जोडले तरी ओझे समान वाटले जात नाही. खोंड आणि म्हातारा बैल एका जुवाला जुंपल्यासारखेच ते. नव्यावर अधिक भार पडतो आणि तोही लवकर झिजतो. निर्मात्याने तशी सोय केलेली असेल, तरच दोन संच एकत्र चालवावेत. आमच्या कार्यालयातील एका गृहस्थांना हे अजून पटलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने दोन बाबी महत्त्वाच्या. पुष्कळ घरांत गाडी उंबऱ्याशी, बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर चार्ज होते. जागा बदलावयास सांगावे. आणि फुगलेला वा मोडीत निघालेला संच उकिरड्यावर जाऊ देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. आपण त्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून योग्य ठिकाणी सोपवावयाच्या.

माझा जुना संच मी पुढील आठवड्यात विक्रेत्याकडे देणार आहे. तोवर तो भिंतीपासून दूर, सावलीत, अर्धवट भरलेला ठेवला आहे. काल मोजला तेव्हा ४८ व्होल्ट भरला.