थप्पी ढासळली तर खालचा थर बघा

(रसायनी इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



'नापास' हा शब्द आपल्या वस्तीत फार स्वस्त झालाय. दहावीत गणित राहिलं की पोरगं नापास. पोलीस भरतीत धावताना दोन सेकंद मागं पडलं की नापास. ठेकेदार बदलला, गेटपास काढून घेतला, तरी घरचे म्हणतात पोरगा वाया गेला. अरे, पोरगा वाया गेला की गेट बंद झालं? आधी हे नीट बघा.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. न्हावा शेव्याला गोदीच्या कामावर आहे, दिवसा कंटेनर रिकामे करतो, रात्री कविता लिहितो. आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या आठवड्यात कळते. गोण्यांची थप्पी ढासळली तर जुना हमाल वरच्या गोणीला शिव्या घालत बसत नाही. वाकून खालचा थर बघतो. कुठली गोणी वाकडी लागली, कुठं जमीन ओली आहे, ते बघतो. मग पुन्हा लावतो. गोण्या त्याच, माणसं तीच. लावणी बदलते.

आता आपल्या बापाचं बघा. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा 750 पैकी 282 गुण होते. आजच्या क्लासवाल्यांनी त्यांना दारात उभं केलं नसतं. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुस्तकांचं सामान ज्या बोटीवर होतं ती युद्धात बुडाली. बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. एवढ्यावर माणूस मोडला असता. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून उसने घेतले आणि 1920 साली पुन्हा लंडन गाठलं. तिथं डी.एस्सी.च्या प्रबंधावर परीक्षकांनी आक्षेप घेतला, पुन्हा लिहा म्हणाले. त्यांनी मांडणी पुन्हा केली, निष्कर्ष सोडले नाहीत. 1923 साली पदवी घेतली. हे काळजावर कोरून ठेवा.

हे एका माणसाचं झालं. आता आपल्याच जिल्ह्यातलं महाड. 1923 साली मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनंही ठराव केला. कागद झाला, पाणी मिळालं नाही. म्हणजे कागदाला पाय लागतात. 20 मार्च 1927 ला हजारो पाय तळ्यावर चालत गेले, पाणी प्यायले. लगेच लाठ्या पडल्या. तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. ऑगस्टात नगरपालिकेनं स्वतःचाच ठराव रद्द केला. डिसेंबरात लोक पुन्हा जमले, तर कोर्टाची मनाई आलेली.

तेव्हा बाबासाहेबांनी खालचा थर बघितला. त्या तळ्याखाली मनुस्मृती होती. 25 डिसेंबरला ती जाळली. सत्याग्रह तहकूब केला आणि तळ्याचा दावा कोर्टात लढला. जेलात जायच्या तयारीनं आलेल्या माणसांना तसंच घरी परतणं किती जड गेलं असेल! पण 17 मार्च 1937 ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. अनादी काळापासूनची रूढी आहे म्हणणाऱ्यांना ती रूढी शाबीत करता आली नाही. एका ओंजळीला दहा वर्षं लागली. आणि आपण एका निकालात खचतो?

आता रसायनीचं बोलतो. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स 1960 साली स्थापन झाली. तिच्या भरवशावर इथं किती चुली पेटल्या ते तुम्ही जाणता. 2017 साली केंद्र सरकारनं इथले तोट्यातले प्लँट बंद करायचा निर्णय घेतला. ज्यांचे बाप तिथं राबले त्यांना सांगतो, ताळेबंद तुमच्या बापानं लिहिला नव्हता. दुसऱ्याचं अपयश आपल्या डोक्यावर घेऊ नका.

पण जे आपलं आहे ते दुसऱ्याच्या डोक्यावर ढकलूही नका. गणितात गेलात ना? मग अपूर्णांकात गेलात की भूमितीत, तेवढं शोधा. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते, मागवा. पुरवणी परीक्षा असते, बसा. भरतीत गोळाफेक कमी पडली तर रोज सकाळी गोळाच फेका, पुढाऱ्याच्या मागं झेंडा घेऊन फिरू नका. एकट्यानं जमत नसेल तर चौघं मिळून विहारात बसा. ज्याचं गणित बरं आहे त्यानं दुसऱ्याला शिकवावं. शिफ्ट सुटल्यावर डोळे मिटतात, मला माहीत आहे. अर्धा तास वाचा, पण रोज वाचा.

व्यवस्था अन्यायी आहे, हे शंभर टक्के खरं. पण ती अन्यायी आहे म्हणून जो पुस्तक मिटतो, तो तिचंच काम फुकटात करून देतो. आपण आजवर पुष्कळ काम फुकटात केलंय. हे एक तरी करू नका.

जयभीम!