चिमटीपासून टनापर्यंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात शंकर नगर, रायपूर येथे सभासदांपुढे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, नाट्य अथवा संतवाङ्मय यांविषयी काही ऐकावयास मिळेल, या अपेक्षेने आपण आला असाल. मी कला शाखेचा पदवीधर आणि सुमारे तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत वावरलेला मनुष्य. अशा माणसाने एका नव्या द्रव्याविषयी बोलावे, हे काहीसे धाडसाचे वाटेल. परंतु प्रयोगशाळेत चिमटीने तयार होणारे द्रव्य कारखान्यात टनांनी तयार होण्यास काय लागते, या प्रश्नाचा निम्माच भाग शास्त्रज्ञांचा आहे. उरलेला निम्मा मोजमापाचा, शिस्तीचा आणि खरेदीच्या नियमांचा आहे. त्या दुसऱ्या भागाशी माझा रोजचा संबंध येतो, एवढाच माझा अधिकार.

ते द्रव्य म्हणजे ग्राफीन. आपल्या मुलांच्या पेन्सिलीत ज्याला आपण शिसे म्हणतो ते वास्तविक ग्राफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप होय. त्यात कार्बनचे अणू मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीत बसलेले असतात, आणि अशा जाळ्यांचे थर एकावर एक रचलेले असतात. एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटात असे सुमारे तीस लाख थर भरतील. त्यांतील एकच थर सुटा केला की त्याला ग्राफीन म्हणावयाचे. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटाचे थर सोलत सोलत हा एकेरी थर मिळवला, व २००४ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. २०१० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हा थर पोलादापेक्षा कितीतरी पट बळकट आहे. तांब्याहून उत्तम उष्णतावाहक आहे. आणि इतका विरळ आहे की एक ग्रॅम ग्राफीन एकेरी पसरले तर सुमारे तेरा गुंठे जमीन झाकली जाईल.

या गोष्टीस वीस वर्षे उलटून गेली. मधल्या काळात उपयोग मुळीच झाला नाही असे नाही. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये मोटारीच्या इंजिनालगतच्या फोमच्या भागांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी ग्राफीन मिसळण्याचे जाहीर केले. त्याने आवाज दबला आणि उष्णता सोसण्याची शक्ती वाढली. इंग्लंडमध्ये एम्सबरी येथे २०२१ साली एका व्यायामशाळेची जमीन ग्राफीनमिश्रित काँक्रीटने केली गेली. तरीही ज्या वेगाने हे द्रव्य जग बदलील असे सांगितले जात होते, तो वेग दिसत नाही. अडचण कोठे आहे?

आपल्या गणेशोत्सवाच्या पंगतीचा स्वयंपाक ज्यांनी सांभाळला आहे, त्या भगिनींना याचे उत्तर ठाऊक आहे. चार पानांचा मसालेभात उत्तम करणारी सुगरण पाचशे पानांचा करावयास गेली, की प्रत्येक जिन्नस सव्वाशेपट घेऊन भागत नाही. तळ लागतो आणि मधला भात कच्चा राहतो. भांड्याची लांबी, रुंदी व उंची दसपट केली तर आतला ऐवज हजारपट होतो, परंतु उष्णता ज्यातून आतबाहेर जाते तो पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. ग्राफाइटाचे थर सुटे करण्याची एक प्रचलित रीत १९५८ साली हमर्स आणि ऑफमन यांनी दिली. तीत ग्राफाइटावर गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांची क्रिया करतात. या क्रियेत पुष्कळ उष्णता निर्माण होते. काचपात्र बर्फात ठेवून ती आवरता येते. हजार लिटरच्या टाकीत ती आवरली नाही तर स्फोट व्हावयाचा. पुढे ते सारे आम्ल धुऊन काढण्यास पाणी लागते, आणि ते आम्लयुक्त पाणी कोठे सोडावयाचे, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या मोरीत उद्भवत नाही. खारुनसारख्या नदीच्या काठी कारखाना उभा राहिला, की मात्र तो साऱ्या शहराचा प्रश्न होतो. आणि एवढे करून माल वाळवावयास घेतला, तर तव्यावरून काढलेल्या गरम पोळ्या एकमेकींना चिकटाव्यात तसे हे थर पुन्हा चिकटू लागतात, आणि मोठ्या कष्टाने सोडवलेल्या ग्राफीनचे परत ग्राफाइट होऊ लागते.

दुसरी अडचण मापाची आहे, आणि माझ्या मते तीच अधिक गंभीर. ग्राफीन कशाला म्हणावे याची आंतरराष्ट्रीय परिभाषा २०१७ साली ठरली : एक थर असेल तर ग्राफीन, दहापर्यंत थर असतील तर अल्पस्तरीय ग्राफीन. पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह जगभरच्या साठ उत्पादकांचा माल तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेकांच्या मालात खरे ग्राफीन दहा टक्क्यांहून कमी होते, आणि निम्म्याहून अधिक ग्राफीन असलेला नमुना एकही नव्हता. उरलेले बव्हंशी ग्राफाइटाचे चूर्ण! ज्या कारखानदाराने असा माल घेऊन आपल्या रंगात वा प्लास्टिकमध्ये मिसळला आणि ज्याला काहीच गुण आला नाही, त्याने ग्राफीनलाच नावे ठेवली असतील, तर त्याचा दोष काय? दुधात पाणी घालणारा एकटा गवळी साऱ्या गल्लीतील गवळ्यांची पत घालवतो. येथे एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. ग्राफीनचे थर किती, हे पाहण्याच्या मुख्य कसोट्यांपैकी एक ज्या तत्त्वावर चालते, ते चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यास शोधून काढलेले आहे. शोध आपला; त्यावर उभा राहणारा दाखला आपल्या देशातील मालावर चिकटवण्याची सवय मात्र आपण लावून घ्यावयास हवी.

प्रयोगशाळा आणि कारखाना यांतील हे अंतर आपल्याकडे कोणी तोडलेच नाही, असे समजू नये. १९५० साली पुण्यास पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या वास्तूचे उद्घाटन झाले. तेथे पॉल रत्नासामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइट जातीचा एक उत्प्रेरक सिद्ध केला. प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास एन्सिलाइट हे नाव मिळाले. पॉलिएस्टरचा धागा ज्या रसायनापासून निघतो, त्या पॅराझायलीनच्या निर्मितीसाठी तो उपयोगी होता, आणि तोवर असे उत्प्रेरक परदेशातून येत. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ग्रॅमांत केलेली वस्तू टनांत करण्याचे काम असोसिएटेड सिमेंट कंपनीने पत्करले, आणि वडोदऱ्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्स या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १९८० च्या दशकात तो आपल्या चालत्या संयंत्रात वापरला. या हकीकतीत शोधणारा, घडवणारा आणि वापरणारा असे तिघे आहेत. तिघांपैकी एकानेही हात आखडता घेतला असता, तर एन्सिलाइट एका शोधनिबंधापुरता उरला असता. मँचेस्टरलाही हाच धडा गिरवावा लागला. तेथे ग्राफीनच्या संशोधनासाठी २०१५ मध्ये एक संस्था उघडली, आणि माल मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यासाठी २०१८ मध्ये दुसरी निराळी वास्तू उभारावी लागली. या मधल्या पायरीवर कीर्ती थोडी आणि खर्च फार, म्हणून तीच नेहमी गाळली जाते.

आता पहिल्या गिऱ्हाइकाविषयी. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आज आपल्याला गौरवाचा विषय वाटतो. परंतु लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी आरंभी शेतकरी त्याला हात लावीनात, आणि नांगर पडून राहिले. वस्तू चांगली असणे पुरेसे नसते. ती प्रथम वापरण्याचा धोका कुणीतरी पत्करावा लागतो. सरकार हे देशातील फार मोठे गिऱ्हाईक. आमच्या निविदांत पूर्वानुभवाची आणि उलाढालीची अट असे. सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी ती योग्यच होती; पण जी वस्तू पूर्वी कुणी केलीच नाही तिचा पूर्वानुभव आणावयाचा कोठून? २०१६ साली नवोदित उद्योगांसाठी ही अट शिथिल करण्याची मोकळीक मिळाली, आणि २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत तिला स्थान मिळाले. मात्र गुणवत्तेच्या व तांत्रिक निकषांत सूट नाही, आणि ती नसावीच. नियम बदलला तरी सही करणाऱ्या हाताची सवय सावकाश बदलते, हे मी आतल्या गोटातला माणूस म्हणून सांगतो. आणि गिऱ्हाईक एकदा मिळाले म्हणजे भागले असेही नाही. फोर्डला ग्राफीन पुरवणाऱ्या एक्सजी सायन्सेस या कंपनीचा कारभार पुढे आटोपला, आणि २०२२ मध्ये तिची मालमत्ता कॅनडाच्या नॅनोएक्सप्लोरने विकत घेतली.

आपण ज्या भूमीत राहतो तिला हा विषय परका नाही. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये तेव्हाच्या रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोह-उद्योगावर टिपण लिहिले. दल्ली-राजहराच्या लोखंडाची वार्ता पुढे नागपुरात दोराबजी टाटांच्या हाती लागली. तरीही भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली ती फेब्रुवारी १९५९ मध्ये. माहिती आणि उत्पादन यांच्यामध्ये बहात्तर वर्षे गेली! आज ग्राफाइट हे केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या तीस अत्यावश्यक खनिजांच्या यादीत आहे. केरळात ग्राफीनसाठी एक नवोन्मेष केंद्र निघाले आहे. पुण्यासही प्रयोगशाळा असलेली सी-मेट ही केंद्रीय संस्था आणि टाटा स्टील त्यात सहभागी आहेत. उद्या हे द्रव्य मापात आणि परवडेल अशा दरात मिळू लागले, तर त्याचे गिऱ्हाईक कोण? भिलाईचे पोलाद, कोरब्याचे ॲल्युमिनियम, बलौदाबाजारकडचे सिमेंट. सारी गिऱ्हाइके आपल्या अंगणात आहेत. अंगणातल्या गिऱ्हाइकासाठी माल सातासमुद्रापलीकडून यावा आणि पुन्हा बहात्तर वर्षे जावीत, असे होऊ नये.

म्हणून मंडळापुढे एक विनंती ठेवतो. आपल्यातील कित्येक घरांत भिलाईची नोकरी झाली आहे. भट्टीच्या नमुन्याची दर पाळीला तपासणी करणारे, प्रतवारी राखणारे, आज केलेला माल उद्याही तसाच निघावा म्हणून रात्रपाळ्या करणारे गृहस्थ या सभागृहात बसले आहेत. त्यांच्या नावावर शोध नसतील; पण ग्राफीनला आज जो गुण हवा आहे तो त्यांच्याच हातांत आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, तो अवश्य करावा. त्याच दिवशी या मंडळींना आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांसमोर तासभर बोलावयास बसवावे. एखादे यंत्र वर्षानुवर्षे एकाच मापाचे काम कसे देत राहिले, हे त्यांनी सांगावे आणि मुलांनी विचारावे. आपल्या मुलाने शोध लावावा असे प्रत्येक आईबापांस वाटते. दुसऱ्याने लावलेला शोध जो रोज, बिनचूक, हजारो किलोंनी करून दाखवतो, त्याचाही आपल्या घरांत तितकाच मान असावा, एवढेच माझे मागणे आहे.