चालढकलीवर खेळाचा उतारा



परीक्षा महिन्यावर आली की अनेक घरांत एक दृश्य दिसते. मुलगा पुस्तक उघडतो आणि नेमकी त्याच क्षणी त्याला टेबल आवरण्याची आठवण होते. टेबल आवरून झाले की रंगीत पेनांनी नवे वेळापत्रक आखले जाते. मग मोबाइलवर ‘पाचच मिनिटे’ नजर टाकली जाते आणि जेवणाची वेळ होते. वडीलधारी मंडळी याला आळस म्हणतात. परंतु आळशी माणूस निवांत असतो. हा मुलगा मात्र सारा वेळ अस्वस्थ असतो. त्याच्याकडून अभ्यास होत नाही आणि तो न झाल्याची बोचणीही जात नाही. या विकाराचे नाव आळस नव्हे, चालढकल.

कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ८० ते ९५ टक्के विद्यार्थी कधी ना कधी चालढकल करतात आणि सुमारे निम्म्यांच्या बाबतीत ती नित्याची होऊन बसते, असे अंदाज त्यात नोंदवले आहेत. पुढे २०१३ साली फुशिया सिरोआ आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी तिचे मूळ अधिक नेमके दाखविले. नावडत्या वा अवघड कामाने मनात जी धास्ती निर्माण होते, तिच्यापासून तात्काळ सुटका मिळविण्यासाठी माणूस ते काम पुढे ढकलतो. म्हणजे प्रश्न घड्याळाचा कमी आणि मनाचा अधिक आहे. केवळ वेळापत्रक भिंतीवर चिकटवून तो का सुटत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

मग खेळ कोठे उपयोगी पडतो? अभ्यासाचे फळ वर्षाअखेरीस मिळते, मोबाइलचे सुख मात्र त्याच क्षणी. खेळाची रचना हे अंतर मिटवते. प्रत्येक लहान पावलाला लगेच प्रतिसाद, हा खेळाचा प्राण होय. खेळातून काही शिकवावे ही कल्पना आपल्याकडेही नवी नाही. परंपरेने ज्ञानदेवांशी जोडला जाणारा मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज मनोरंजनाबरोबर सद्गुण-दुर्गुणांची ओळख करून देई.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ समोर ठेवून थोडा थोडा वेळ एकाग्रतेने अभ्यास करण्यास प्रारंभ केला. त्यातून २५ मिनिटे काम आणि अल्प विश्रांती ही ‘पोमोदोरो’ पद्धत जन्मली. २०१४ साली तैवानमधील तरुणांनी ‘फॉरेस्ट’ हे ॲप आणले. विद्यार्थी ठरावीक वेळ मोबाइल बाजूला ठेवतो, तोपर्यंत पडद्यावर रोपटे वाढते. मध्येच दुसरे ॲप उघडले की ते वाळते. २०१३ साली सुरू झालेल्या ‘हॅबिटिका’मध्ये कामे पूर्ण केली की आपले पात्र बलवान होते आणि चुकवली की त्याची प्राणशक्ती घटते. मात्र तेथे काम झाल्याची खूण वापरणारा स्वतःच करतो. त्यामुळे फसवणूक सोपी असते आणि ती फक्त स्वतःचीच असते.

आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून असे ॲप बनवायला घेतात, तेव्हा गुण, पदके आणि क्रमवारी यांचा मोह त्यांना प्रथम होतो. येथेच सावध राहावयास हवे. अमेरिकेत १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतील, चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना ‘चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले. काही दिवसांनी पाहिले, तर बक्षिसाचे आश्वासन मिळालेली मुले मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढत होती. आवडीचे रूपांतर मोबदल्यात झाले होते. पदकासाठी अभ्यास करणारा विद्यार्थी पदक थांबताच पुस्तक मिटणार असेल, तर त्या ॲपने एक व्यसन घालवून दुसरे लावले, एवढेच म्हणावे लागेल.

म्हणून अशा ॲपच्या रचनेत काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. पहिले, बक्षीस तासांना नव्हे तर प्रारंभाला द्यावे. धास्तीचा कडेलोट पुस्तक उघडण्यापूर्वीच होत असतो. पहिली दहा मिनिटे पार पडली की पुढची वाट सोपी होते. दुसरे, ‘भौतिकशास्त्राचा अभ्यास’ असे मोघम ध्येय स्वीकारूच नये. ‘सायंकाळचा चहा झाला की प्रकाशाच्या धड्यातील तीन उदाहरणे’ अशी काळ आणि काम यांची गाठ विद्यार्थ्याकडून बांधून घ्यावी. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली अशा ‘जेव्हा-तेव्हा’ संकल्पांचे बळ सविस्तर मांडले आहे.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. सलग दिवसांची साखळी एखाद्या दिवशी तुटली, तर शून्यावर आणून विद्यार्थ्याला लज्जित करू नये. २०१० साली कार्लटन विद्यापीठातील प्रथम वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात आढळले की, पहिल्या परीक्षेच्या वेळी झालेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. अपराधी भावना कामाची धास्ती वाढवते आणि धास्ती पुन्हा चालढकल घडवते. हे चक्र ॲपनेच फिरते ठेवले, तर उपाय हाच अपाय ठरेल. सर्वांसमोर लावलेल्या क्रमवारीविषयीही हेच म्हणता येईल. तळाशी असलेल्या मुलालाच मदतीची सर्वाधिक गरज असते आणि ॲप प्रथम सोडून जातो तोही तोच.

चौथे, मुलांच्या सवयींची माहिती हा व्यापाराचा माल होता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाईची तरतूद आहे.

पालकांची भूमिकाही येथे ठरते. ‘आज किती गुण मिळाले?’ हा प्रश्न टाळून ‘आज कोठून सुरुवात केलीस? कोठे अडलास?’ असे विचारावे. अडलेल्या उदाहरणाजवळ दहा मिनिटे बसणारे आईवडील जे करू शकतात, ते पडद्यावरचे रोपटे करू शकत नाही.

लहान मूल सायकल शिकते, तेव्हा मागे दोन छोटी चाके लावतात. ती कायम ठेवण्यासाठी नसतात. चांगले ॲपही आरंभी रोज, मग आठवड्यातून दोनदा आणि अखेरीस क्वचितच लागावे, अशा बेताने रचले पाहिजे. व्यापारी हिशेबात ग्राहक टिकणे म्हणजे यश. शिक्षणाच्या हिशेबात तो स्वावलंबी होऊन निघून जाणे हे यश. असे ॲप घडवू पाहणाऱ्या तरुणांनी आपण कोणता हिशेब मांडत आहोत, हे पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच ठरवावे.