तारे मोजणाऱ्या धर्मभगिनी
(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



साऱ्या आकाशाचा नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यांत व्हॅटिकन वेधशाळेचाहि वांटा होता. त्यासाठीं १९१० ते १९२१ पर्यंत मारिया बांबिना संघाच्या चार भगिनी छायाचित्रांच्या कांचांवरून एकेका ताऱ्याचें स्थान मोजीत होत्या. ४,८१,२१५ तारे त्यांच्या नोंदींत आले. एमिलिया पोंझोनी, रेजिना कोलंबो, कोंचेत्ता फिनार्दी व लुइजा पंचेरी हीं त्यांचीं नांवें मात्र विस्मृतींत गेलीं. तीं २०१६ सालीं जगापुढें आलीं.

मग शास्त्र हा मुलग्यांचा विषय असें आपण कोणत्या तोंडानें म्हणावें? आपल्या मुलीच्या हातीं लहानशी दुर्बीण द्या. १६१० सालीं गॅलिलिओनें पाहिलेले गुरूचे चार चंद्र तिलाहि दिसतील. कांहीं आठवडे त्यांचीं स्थानें ती रोज रात्रीं वहींत टिपूं द्या. पुढें त्याच आंकड्यांसाठीं तिनें संगणकाची आज्ञावली लिहावी. त्यांतील सर्वांत मोठा चंद्र, गॅनिमीड, सुमारें ७ दिवसांत गुरूची प्रदक्षिणा करितो, हें तिचें तिला उमगेल. चुकलें तर चूकहि तिनेंच शोधावी.

परमेश्वराची ही अफाट करणी न्याहाळण्याचा अधिकार मुलींसहि आहे. मात्र त्या वहीवर तिचें नांव ठळक अक्षरांत लिहावयास विसरूं नका.