टीचर, टीचर, टीचर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तिकडे काय करतेस ते पाच मिनिटांत सांग," असं संयोजकांनी बजावलंय. घड्याळ आमच्या त्याच जुन्या मॉनिटरच्या हातात आहे, म्हणजे सुटका नाही.

मी कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला राहते. शहराच्या उत्तरेला स्प्रूस, पाइन आणि अ‍ॅस्पेनचं जंगल सुरू होतं, मध्ये मध्ये दलदल. उन्हाळ्यात मध्य अमेरिकेतून, कॅरिबियन बेटांवरून पक्षी तिथे विणीसाठी येतात आणि थंडी पडायच्या आत परततात. त्यातला एक चिमणीपेक्षाही हलका, ओव्हनबर्ड. जमिनीवर, पाचोळ्यात, जुन्या भट्टीसारखं घुमटाचं घरटं बांधतो म्हणून हे नाव. त्याचं गाणं तिकडच्या लोकांना "टीचर, टीचर, टीचर" असं ऐकू येतं, आणि प्रत्येक 'टीचर' आधीच्यापेक्षा मोठ्याने! आठवी 'ब' आठवत असेल त्यांनी हसून घ्या.

माझी तिकडची पहिली नोकरी मात्र पक्ष्यांची नव्हती. तेल शोधणाऱ्या कंपन्यांना लागणारं नकाशांचं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. जमिनीखाली तेल कुठे आहे हे कळायला जंगलात सरळ पट्टे तोडतात, त्यावर स्फोट करून किंवा यंत्राने हादरे देतात आणि खालून परतणाऱ्या लहरी मोजतात. ते पट्टे माझ्या पडद्यावर एक पिक्सेल जाडीच्या रेघा होत्या. आठ वर्षं मी त्या रेघा नीट दिसाव्यात याची काळजी घेतली. मग एकदा कामासाठी फोर्ट मॅकमरीला विमानाने गेले. मार्च महिना, खाली बर्फ, आणि जंगलावर आपल्या भूमितीच्या वहीतल्यासारख्या रेघाच रेघा. काही पट्टे तोडून कित्येक दशकं झालीत, तरी झाडं परत आलेली नाहीत. थंड प्रदेशात, दलदलीत, झाड फार सावकाश वाढतं.

त्यानंतर मी वाचायला लागले. अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की सुमारे ८ मीटर रुंद पट्टा आला की ओव्हनबर्डचा नर त्यालाच आपल्या हद्दीचं कुंपण मानतो. पलीकडे तेच जंगल असलं तरी त्याच्या हद्दीत ते येत नाही. पण पट्टा २-३ मीटरचा असेल तर तो दोन्ही बाजूंना वावरतो. म्हणजे फरक नुसत्या रुंदीचा! इंजिनिअरला याहून सोपा प्रश्न कोण देणार? आता अनेक ठिकाणी अरुंद पट्टे काढतात. जुन्यांचं काय, हे काम अजून पडलंय.

आग मात्र वेगळी. २०१६ च्या मे महिन्यात फोर्ट मॅकमरीच्या वणव्याने ८० हजारांवर माणसांना घर सोडावं लागलं. आमच्याकडेही एक कुटुंब राहायला होतं, त्यामुळे आगीचं कौतुक मी करणार नाही. पण त्या जंगलाला आग नवी नाही. जॅक पाइनची बरीचशी फळं उष्णतेनेच उघडतात. काळ्या पाठीचा एक सुतारपक्षी तर जळक्या खोडांतल्या अळ्यांवर बराचसा पोसतो. आग लागल्यावर लाकूड वाया जाऊ नये म्हणून सगळी खोडं लगेच उचलून नेली, तर त्याच्या ताटातलंच काढून घेतलं. काही जळकं रान तसंच राहू द्यावं, एवढंच पक्ष्यांचे अभ्यासक मागतात.

हल्ली मी शनिवारी झाडांना बांधलेल्या रेकॉर्डरमधले आवाज ओळखायला मदत करते. यंत्र खूपसं ओळखतं, पण वारा-पावसात चुकतं. मग कान लावावा लागतो. माझ्या घराचे हप्ते त्या रेघांवरच फिटले, हे मी विसरलेले नाही. त्याची भरपाई होते का, तर नाही. काम आवडतं म्हणून करते.

मॉनिटर हात वर करतोय. माझ्या फोनमध्ये जूनमधल्या एका पहाटेचं रेकॉर्डिंग आहे. जेवणाआधी ऐकवते. बाई, आधी तुम्ही ऐका.